दुपारचा डबा एकटीनं का?

पत्र असं आहे :

"मावशी, नमस्कार. मी जळगावच्या एमआयडीसीत एका प्लॅस्टिकच्या चटयांच्या कारखान्यात टाइम ऑफिस आणि पगाराचं काम बघते. हल्ली त्यालाच एचआर म्हणतात. माझं वय ३३. आमच्याकडे ११० माणसं आहेत, तीन पाळ्या चालतात. धडगावकडचा एक मुलगा लूमवर, म्हणजे चटई विणायच्या मागावर, लागला होता, तो आठ महिन्यांत सोडून गेला. हिशेब करताना मी विचारलं, काही त्रास होता का? म्हणाला, 'मॅडम, त्रास कोणी दिला नाही. पण इथं माझं नाव कोणाला माहीत नाही. आठ महिने मी नुसता “ए नवीन”च होतो.' त्या रात्री मला झोप आली नाही. मग शेठना सांगून मी बरंच केलं. एक तारखेला त्या महिन्याच्या वाढदिवसांचा केक, व्हॉट्सॲप ग्रुप, पाटणादेवीला सहल. केक कापला की लोक तुकडा घेऊन मशीनवर जातात. ग्रुपवर 'शुभ सकाळ'शिवाय काही येत नाही. सहलीला केटरर होता, जेवण चांगलं होतं, पण रोजचेच पाच-पाच जण वेगवेगळ्या झाडांखाली बसले. शेठ विचारतात, पैसे गेले, फायदा काय? मावशी, खरं सांगू का, मीसुद्धा दुपारचा डबा माझ्या टेबलावर मोबाईल बघत खाते. लग्न होऊन शिरपूरहून आले, या कारखान्यात नऊ वर्षं झाली. काय करू?"

मावशी म्हटलंस, म्हणून मी तू म्हणते. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. सगळं पत्र कारखान्याबद्दल आहे आणि शेवटी दोनच ओळी तुझ्या स्वतःबद्दल आहेत. मी त्या ओळींपासून सुरू करते.

नऊ वर्षांत तू कितीतरी माणसांच्या हजेऱ्या लावल्यास. त्यांच्या रजा, उचल, पीएफ सगळं तुझ्या हातून गेलं. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाचं लग्न ठरलंय, हे रजेच्या अर्जावरून तुला सगळ्यांच्या आधी कळतं. आणि तरी डबा उघडतेस तेव्हा समोर मोबाईल असतो. त्या मुलाचं ऐकून तुझी झोप उडाली, कारण ते दुखणं तुझ्या ओळखीचं होतं, असं मला वाटतं. तसं असेल तर त्याची लाज वाटून घेऊ नकोस. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५ मध्ये अहवाल दिला, त्यात जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो असं म्हटलंय. तो हिशेब तुमच्या कारखान्याला लावला तर अठरा माणसं होतात. एक तू धर. बाकीचे सतरा कोण?

मी २६ वर्षं एका कारखान्यात कामगार कल्याणाचं काम केलं. पहिलं वर्ष मी फायलींच्या कपाटामागे बसून डबा खाल्ला. ऑफिसातल्या बायका आपसांत बोलायच्या, हसायच्या, आणि मला ठाम वाटायचं की त्यांना मी नको आहे. पुढे कळलं की पहिल्याच दिवशी मी कपाटामागे जाऊन बसले, तेव्हा त्यांनी ठरवून टाकलं की हिला एकटीनंच आवडतं. दोन्हीकडून माणसं वाट बघत होती आणि अकरा महिने गेले. त्यातून मला बाहेर काढलं ते एका वयस्क फिटरनं. सगळे त्यांना आबा म्हणायचे. ते पीएफचा फॉर्म घेऊन आले आणि म्हणाले, "पोरी, एवढं भरी दे." दुसऱ्या दिवशी आणखी एकाला घेऊन आले. महिनाभरात मी फॉर्म भरणारी पोरगी झाले. फॉर्म भरता भरता कोणाची लेक कुठे दिली, कोणाच्या विहिरीला पाणी लागलं नाही, कोणाचा भाऊ बोलत नाही, सगळं कळत गेलं. डबा कपाटामागून केव्हा बाहेर आला, ते आठवतसुद्धा नाही.

आबांनी मला काही दिलं नव्हतं. त्यांना माझी गरज लागली होती. तुझ्या पत्रातल्या प्रत्येक प्रश्नाला माझं उत्तर शेवटी इथंच येऊन थांबणार आहे, म्हणून ही गोष्ट आधी सांगितली.

एकटं पडलेलं मन फार सावध होतं. कोणी हसलं की आपल्यावर हसलं, कोणी हाक मारली नाही की मुद्दाम टाळलं, असं वाटत राहतं. मग माणूस स्वतःच दोन पावलं मागे सरतो आणि समोरच्याला तो घमेंडखोर वाटतो. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये एकटेपणावरच्या उपायांचे बरेच अभ्यास एकत्र करून तपासले. उपाय चार तऱ्हांचे होते : लोकांना भेटायच्या संधी वाढवणं, बोलण्या-वागण्याचं कौशल्य शिकवणं, आधार देणं, आणि मनात बसलेले हे असे गैरसमज ओळखून दुरुस्त करणं. सगळ्यात जास्त गुण शेवटच्या उपायानं आला. तुझा केक आणि तुझी सहल पहिल्या तऱ्हेचे. ते वाईट नाहीत. पण ज्याच्या मनात 'मी यांना नको आहे' हे पक्कं बसलंय, त्याला पाटणादेवीला नेलं तर तो तेच मनात घेऊन पाटणादेवीच्या झाडाखाली बसतो.

म्हणून उद्या मोबाईल ड्रॉवरमध्ये ठेव, डबा उचल आणि शिलाईच्या बायकांकडे जा. जाताना त्यांच्यासाठी काही घेऊन जाऊ नकोस, मॅडम काहीतरी वाटायला आल्या असं होईल. काहीतरी मागायला जा. कोणाच्या डब्यात कळण्याची भाकरी असेल तर तुकडा माग आणि कळणं कुठून दळून आणता ते विचार. पहिले आठ दिवस त्या गप्प होतील, कारण त्यांच्या लेखी तू लेट मार्क लावणारी आहेस. ते आठ दिवस काढायची तयारी ठेव. त्यांचं गप्प होणं तुझ्या पदामुळे आहे, तुझ्यामुळे नाही, हे मनाला रोज सांगावं लागेल. आणि त्या बसण्यात हजेरीचा, पगाराचा विषय तू काढायचा नाही. त्यांनी काढला तर "ऑफिसात ये, बघू" म्हणून तिथंच थांबवायचा.

आता त्या मुलाकडे येऊ. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मैत्रीला किती वेळ लागतो हे मोजायचा प्रयत्न केला. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास लागतात आणि जवळची मैत्री व्हायला २०० हून जास्त, असं त्यांना दिसलं. एका छताखाली काम करण्यात गेलेले तास त्यात फारसे धरता येत नाहीत, गप्पांत आणि निवांत बसण्यात गेलेले धरता येतात. तुझ्याकडे अर्ध्या तासाची सुट्टी असेल, महिन्याचे कामाचे दिवस २६, म्हणजे महिन्याला १३ तास. चार महिन्यांत ५० होऊन जातात. त्या मुलाला आठ महिन्यांत १०४ तास मिळाले होते, आणि त्यातला एकही कोणासोबत गेला नाही. लूमच्या आवाजात कानाशी तोंड नेल्याशिवाय बोलणं ऐकू येत नाही, बोलायची जागा ती अर्ध्या तासाचीच. ती जागा तू सांभाळलीस तरी निम्मं काम झालं.

तुम्ही चटया करता. तुमच्या माणसांना जेवायला बसायला चटई आहे का? मी जे कारखाने पाहिले त्यांत माणसं पुठ्ठ्यावर, पालथ्या क्रेटवर, भिंतीला टेकून, जिथे सावली मिळेल तिथे बसायची, आणि सावली तुकड्या-तुकड्यांनी असते म्हणून माणसंही तुकड्या-तुकड्यांनी बसायची. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. प्लॅस्टिक वितळवणाऱ्या एक्सट्रूडरजवळून उठून आलेला माणूस आधी पंखा शोधतो आणि मग सोबत. शेठकडे केकचे पैसे मागण्याऐवजी हे माग : एक मोठी जागा, दोन कूलर, प्यायच्या थंड पाण्याचे माठ, आणि किनार वाकडी गेली म्हणून बाजूला पडलेल्या चटया. त्या गोल टाकायच्या. टेबल-बाकं आली की पुन्हा चौघांचे कप्पे पडतात. मशीन बंद ठेवता येत नाही हे मला माहीत आहे, सगळे एकदम जेवू शकणार नाहीत. पण सुट्टी पाच तुकड्यांत असेल तर ती दोन तुकड्यांत आणता येते का, हे सुपरवायझरसोबत बसून बघ.

नव्या माणसाचं वेगळं बघावं लागेल. पहिल्या दिवशी तू स्वतः त्याला घेऊन शेडमधून फिर आणि प्रत्येकाला त्याचं नाव सांग, त्यालाही प्रत्येकाचं सांग. गेटवरच्या वॉचमनपासून सुरुवात कर, कारण पहाटेच्या पाळीला त्याची गाठ आधी वॉचमनशी पडते. मग महिनाभरासाठी एक जोडीदार दे. सुपरवायझर नको, त्याच्यासोबत कोणी मोकळं होत नाही. दोन-तीन वर्षं झालेला, बरोबरीच्या वयाचा कोणीतरी, आणि त्याला स्पष्ट सांग की याला मशीन शिकवायचंच आहे, पण महिनाभर डबाही याच्यासोबत खायचा. आपल्याकडे कानबाईच्या सणाला सुरतेहून, पुण्याहून भाऊबंद गावी येतात, तिथे कोणाला ओळख सांगावी लागत नाही. जन्मानंच ती मिळालेली असते. कारखान्यात भाऊबंद नसतात, तिथे ओळख कोणीतरी करून द्यावी लागते, हेच आपण विसरतो.

तो मुलगा धडगावकडचा म्हणतेस. घरी तिकडची आदिवासी बोली, पावरी, बोलत असेल. तुमच्याकडे काही अहिराणी बोलणारे, काही जळगाव-यावलकडची लेवा बोली बोलणारे, परप्रांतातून आलेले ऑपरेटर असतील तर त्यांची हिंदी. आपल्या मुलांना अहिराणी बोलायला ऑफिसात लाज वाटते, मग पावरी बोलणारा तर तोंडच उघडत नाही. तू शिरपूरची आहेस, आदिवासी पाडे तुला नवे नाहीत. शेडमध्ये चारचौघांत तू स्वतः अहिराणीत बोल, "कसा शे भाऊ?" एवढं म्हटलंस तरी पुरे. मॅडम बोलतात म्हटल्यावर बाकीच्यांची जीभ सैल होईल. पावरी बोलणाऱ्याकडून चार शब्द शिकून घे आणि चुकीचे म्हण, तो दुरुस्त करेल. ज्या जागी माणसाला आपली बोली चोरून ठेवावी लागते, तिथे त्याचं नाव कोणी विचारेल कसं?

जातीचंही सांगून टाकते, कारण पत्रात तू ते लिहिलं नाहीस आणि झाडाखालच्या पाच-पाच जणांत ते असणारच. कोण कोणाच्या डब्याला हात लावत नाही, कोणाच्या डब्यात मटण आहे म्हणून कोण लांब बसतो, हे तुला माझ्यापेक्षा जास्त दिसत असेल. यावर भाषण देऊन काही होत नाही. डबे एकमेकांना द्या अशी सक्ती करू नकोस, तो घरचा प्रश्न होऊन बसतो. पण एका चटईवर बसायला कोणाची ना नसावी, आणि पाण्याचा माठ, ग्लास, चहाची किटली सगळ्यांची एकच असावी. यात मात्र तू जराही मागे हटू नकोस. कोणी वेगळा ग्लास ठेवला तर त्याच दिवशी उचल.

आता कामाबद्दल. तुमच्याकडेही लूम आहेत म्हणून अहमदाबादची एक गोष्ट तुला खास सांगते. १९५३ मध्ये तिथल्या कॅलिको मिलमध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस आले होते. नवे स्वयंचलित माग बसवले होते, तरी कापड हवं तसं निघत नव्हतं. त्यांनी पाहिलं तर शेडमधल्या २९ कामगारांना १२ वेगवेगळी कामं वाटून दिलेली. विणणारा एवढे माग बघणार, कांडी भरणारा वेगळे तेवढे, तुटलेला धागा जोडणारा आणखी वेगळे. कोण कोणासोबत आहे हे कोणालाच सांगता येत नव्हतं. रोज तोच माणूस शेजारी यायचा नाही. मग ठरावीक माग एका छोट्या गटाकडे देऊन सगळी कामं त्या गटानंच मिळून करायची, अशी कल्पना पुढे आली. कामगारांनी ती लगेच उचलली आणि गट त्यांनी स्वतःच पाडले. सुरुवातीला घडी बसायला वेळ लागला, पण नंतर उत्पादन वाढलं आणि खराब माल कमी झाला. मला त्यात सगळ्यात मोलाची गोष्ट ही वाटते की जोड्या वरून कोणी लावल्या नाहीत.

तुमच्या शेडमध्ये हे जसंच्या तसं बसेल असं मी म्हणत नाही. पण तुझा तो मुलगा रोज वेगळ्या लूमवर, वेगळ्या ऑपरेटरच्या हाताखाली टाकला जात होता का, हे मस्टर काढून बघ. मदतनीसाला जिथे माणूस कमी तिथे पाठवायची सवय सगळीकडे असते. जो रोज वेगळ्या जागी जातो, त्याचं नाव लक्षात ठेवायची गरज कोणालाच पडत नाही. त्याला तीन-चार जणांचा एक गट दे आणि निदान तीन महिने हलवू नको. आणि पाळी बदलताना दहा मिनिटं ठेव : जाणाऱ्यानं येणाऱ्याला सांगायचं, कोणता लूम त्रास देतोय, कुठे पट्टी तुटते, प्लॅस्टिकच्या दाण्याची कोणती गोणी ओली निघाली. कामाचंच बोलणं असलं तरी नाव घेऊन बोलावं लागतं.

इथे माझी एक चूक सांगते. आमच्याकडे मी 'महिन्याचा उत्कृष्ट कामगार' सुरू केलं होतं, फोटो लावून. चांगल्या मनानंच केलं होतं. तीन महिन्यांत लेथवरची माणसं एकमेकांना खुबी सांगेनाशी झाली. एकानं तर आपलं टूल कुलपात ठेवायला सुरुवात केली. मी तो बोर्ड उतरवला, पण त्यांच्यातलं पहिलं बोलणं परत यायला वर्ष गेलं. तुझे शेठ बक्षिसाची कल्पना काढतील तर हे त्यांना सांग. द्यायचंच असेल तर अख्ख्या गटाला द्या.

सहल पुन्हा करायची असेल तर थंडीची वाट बघ आणि केटरर बोलवू नको. कोणाच्या तरी शेतात भरीत कर. बामणोदची वांगी आणायला एक जण लागतो, कपाशीच्या काड्या गोळा करायला चार लागतात, वांगी भाजताना डोळ्यांत धूर घेणारे लागतात, सोलायला बायका-पुरुष सगळे बसतात, लाकडी बडगीत कुटायला दमदार हात लागतात, आणि तेल-मिरची किती यावरून भांडण हमखास होतं. दहा जणांच्या हातांशिवाय भरीत होत नाही. पाटणादेवीला तुमच्या माणसांना जेवण्यापलीकडे काही कामच नव्हतं, मग ती आपापल्या झाडाखाली गेली यात त्यांचं काय चुकलं? आणि पहिलं काम तुमच्यातल्या सगळ्यात गप्प माणसाकडे दे. मीठ त्याच्या हातात दे.

व्हॉट्सॲप ग्रुप सुट्टीच्या सूचनेपुरता राहू दे. त्याच्याकडून आणखी काही होणार नाही.

शेठना काय सांगायचं? त्यांचा फायद्याचा प्रश्न मला रास्त वाटतो, त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांच्याच भाषेत उत्तर दे. गेल्या दोन वर्षांत किती जण वर्षाच्या आत सोडून गेले, एकेकाला लूम हाताशी यायला किती आठवडे लागले, त्या आठवड्यांत किती माल खराब निघाला, हे सगळे आकडे तुझ्याच कपाटात आहेत. एका कागदावर काढून त्यांच्यापुढे ठेव. सोबत हेही सांग की अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये अग्निशमन दलाच्या केंद्रांचा अभ्यास केला, तेव्हा जे जवान एकत्र स्वयंपाक करून जेवतात त्यांच्या तुकड्यांचं काम जास्त चांगलं असल्याचं दिसलं. शेठ स्वतः आठवड्यातून एकदा त्या चटईवर बसून जेवले, तर यातलं काही सांगायची गरजच उरणार नाही. विचारून बघ. नऊ वर्षांची तुझी नोकरी आहे, एवढं विचारायचा तुझा हक्क आहे.

एक काळजी घे. जो गप्प आहे तो दुखीच आहे असं धरून चालू नकोस. काहींना अर्धा तास डोळे मिटून पडायचं असतं, रात्रपाळी करून आलेल्याला तर तेच हवं असतं. त्यांना ओढून गोलात बसवू नकोस. पण कोणाचं जेवण सुटलंय, झोप उडालीय, रोज दारूचा वास येतोय, 'आता काही अर्थ नाही' असं कोणी बोलतंय, तर ते डब्यानं आणि भरितानं निभणारं नाही. अशा माणसाला बाजूला घेऊन १४४१६ हा नंबर दे. सरकारची टेली मानस सेवा आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. त्याला जमत नसेल तर तुझ्या ऑफिसात बसवून तू लावून दे आणि बाहेर थांब. आणि ही गोष्ट त्या खोलीतून बाहेर जाऊ देऊ नकोस, शेठकडेसुद्धा नाही. जीवच धोक्यात आहे असं दिसलं तर मात्र त्याला एकटं सोडू नकोस, घरच्यांना बोलव, दवाखान्यात ने.

शेवटी त्या मुलाचं. तुझ्या पत्रात तो 'धडगावकडचा एक मुलगा' आहे. नाव तू मला सांगितलं नाहीस, ते बरोबरच केलंस. पण तुला स्वतःला ते न बघता आठवतं का? आठवत नसेल तर हिशेबाच्या फाईलमध्ये नाव आहे, नंबरही असेल. रविवारी दुपारी फोन कर. परत ये म्हणू नकोस, ती त्याची मर्जी. नावानं हाक मार, कुठे लागलास, आई-बाप कसे आहेत, पाऊस किती झाला ते विचार. तू सांगितलंस ते मी मनावर घेतलं, असं सांग. आणि नव्या माणसाला पहिल्या दिवशी काय हवं असतं, ते त्यालाच विचार. ते आपल्या दोघींपेक्षा त्याला नीट माहीत आहे. तो काय म्हणाला, ते मला कळव.